एक कायदा आणि त्याचे अपवाद

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात चिंचपाडा नावाचे गाव आहे. सुरतेहून भुसावळकडे येणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग नवापूर मागे टाकून खांडबाऱ्याकडे निघाला म्हणजे मध्ये ह्या गावाचे स्थानक लागते. सभोवार टेकड्या, साग आणि मोह यांचे रान, आणि मावची, कोकणी, गावित, भिल्ल ह्या लोकांची पाड्यापाड्यांतून विखुरलेली वस्ती. कोणा राजाची ही राजधानी नव्हती, की कोणती नामांकित लढाई येथे झाली नाही. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत ह्या गावाचे नाव शोधणाऱ्याची निराशाच व्हावयाची. तथापि इंग्रजी अमलातील कायदा आणि न्याय यांची कथा नीट समजून घ्यावयाची असेल, तर मुंबईच्या हायकोर्टाच्या भव्य इमारतीपेक्षा ह्या सीमेवरच्या मुलखाकडे पाहणे अधिक बोधप्रद ठरेल.

कारण असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चिंचपाड्याहून उत्तरेस निघालेला मनुष्य तापीपलीकडे गेला म्हणजे मेवासी सरदारांच्या गावांत पोहोचे. तेथे इंग्रजांचे सर्वसाधारण कायदे चालत नसत. तो दक्षिणेस वळला तर डांगच्या रानात शिरे. तेथे भिल्ल राजांचा अंमल. पश्चिमेस सोनगडकडे गेला तर गायकवाड सरकारचे राज्य. चिंचपाडा मात्र खानदेश जिल्ह्याच्या खालसा मुलखात. म्हणून पुण्यास आणि अहमदनगरास जो कायदा, तोच येथेही. रान तेच, बोली जवळपास त्याच, सोयरीक एकमेकांत. परंतु कायदे चार. इंग्रजांनी ह्या देशाला ‘सर्वांस एक कायदा’ दिला, असे आपण शाळेत शिकत आलो. ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु त्या एका कायद्याला वेळोवेळी अपवाद का करावे लागले, आणि ते अपवाद कोणाच्या वाट्याला आले व कोणाच्या वाट्याला आले नाहीत, हा प्रश्न चिंचपाड्यासारख्या गावी उभे राहिल्याखेरीज नीट दिसत नाही.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा नव्या मुलखाचा कमिशनर, आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खानदेशचा पहिला कलेक्टर. जिल्ह्याचे ठाणे म्हणून ब्रिग्जने धुळे निवडले. एल्फिन्स्टन हा विचारी पुरुष होता. बंगाल्यात लॉर्ड कॉर्नवालिसच्या वेळेपासून ज्या कोर्टकचेऱ्या उभारल्या गेल्या, त्यांनी तेथील जुनी घडी कशी विसकटली हे त्याने ओळखले होते. १८१९ साली जिंकलेल्या मुलखासंबंधी त्याने जो अहवाल लिहिला, त्यात मराठी राज्यातील न्यायपद्धतीचे दोष त्याने झाकून ठेवले नाहीत. पंचायतीत दिरंगाई फार होई. साक्षीदारांना हजर करण्याचे सामर्थ्य पंचांच्या अंगी नसे. निकाल अमलात आणावयाचा तर त्यासाठी पुन्हा सत्ताधाऱ्याचे पाय धरावे लागत. हे सर्व मान्य करूनही त्याचा कल पंचायत टिकविण्याकडे होता. तिचा मुख्य गुण असा की, न्याय मागणारा आणि न्याय देणारा हे एकाच गावचे, एकाच बोलीचे असत. आणि देवघेव कोणी, कशासाठी, कोणत्या अडचणीत केली, हे पंचांना कागद न पाहताही ठाऊक असे.

परंतु राज्यकर्त्यांची पद्धती त्यांच्या एकट्यादुकट्या अधिकाऱ्याच्या इच्छेने चालत नाही. एल्फिन्स्टन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकीर्दीत, १८२७ च्या आरंभी, सत्तावीस रेग्युलेशनांची एक संहिता मंजूर झाली. तिला पुढे एल्फिन्स्टन कोड असे नाव पडले. हिंदुस्थानात इतकी सुसंगत आणि आटोपशीर संहिता तोवर दुसऱ्या कोणत्याही इलाख्यात झाली नव्हती. तिच्या चौथ्या रेग्युलेशनात न्यायाधीशाने कोणता कायदा लावावा ह्याचा क्रम सांगितला होता: प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारची रेग्युलेशने, ती नसतील तेथे देशातील रूढी, रूढी नसेल तेथे प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि तोही नसेल तेथे न्याय, समता व सद्सद्विवेक. रूढीला शास्त्रापेक्षा वरचे स्थान देणारा हा क्रम एल्फिन्स्टनच्या दूरदृष्टीची साक्ष देतो. तथापि त्याच संहितेने पंचायतीचा दर्जा बदलला. ती राज्याचे न्यायासन राहिली नाही. उभय पक्षांची संमती असेल तर नेमावयाचे एक लवाद मंडळ झाली. ज्याच्या हाती लेखी पुरावा भक्कम, तो पंचांपुढे कशाला येईल? तो कोर्टाचीच वाट धरू लागला, आणि पंचायत हळूहळू ओस पडली.

येथे श्रोत्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही संहिता मंजूर होण्याच्या दोन वर्षे अगोदरच खानदेशात पहिला अपवाद करावा लागला होता. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत येथील भिल्लांचे वतनी हक्क बुडाले. गावची राखण करणारे जागले रानात गेले आणि लूटमार करू लागले. ब्रिग्जने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी प्रथम शस्त्राचा मार्ग अवलंबिला. रसद तोडली, नायकांना पकडले, काहींना कठोर शिक्षा केल्या. ह्या उपायांनी रान शांत होईना. तेव्हा १८२५ साली एल्फिन्स्टनच्या सरकारने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी वायव्येकडील एजन्सीकडे नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांगचा प्रदेश होता. चिंचपाड्याभोवतीचा नवापूर पेटा पिंपळनेरास जोडलेला, म्हणून ह्याच एजन्सीत. मागील अपराध माफ करणे, बुडालेले हक्क चौकशी करून परत देणे, जमीन कसावयास तगाई देणे, आणि किरकोळ तंटे तेथल्या तेथे मिटविणे ही एजंटांची कामे ठरली. धरणगावास लेफ्टनंट जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली. काल ज्यांना पकडण्यासाठी फौज पाठवावी लागे, तेच आज सरकारी खजिन्यावर पहारा करू लागले. कायद्याचे पुस्तक जेथे हरले, तेथे माणसाशी समोरासमोर बोलणारा अधिकारी यशस्वी झाला, असा ह्या घटनेचा अर्थ आहे.

मात्र ह्या यशाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. एजंट चांगला असला तर न्याय चांगला. तो बदलला, की न्यायही बदलला. रयतेला हक्क मिळाला नव्हता, मेहेरबानी मिळाली होती.

दुसरा अपवाद १८४६ सालचा. त्या वर्षीच्या अकराव्या ॲक्टाने खानदेशातील मेवासी सरदारांची गावे सर्वसाधारण रेग्युलेशनांच्या कक्षेबाहेर काढून सरकारने नेमलेल्या एजंटाच्या स्वाधीन केली. १८७४ मध्ये हिंदुस्थान सरकारने शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्ट केला, तेव्हा त्याच्या परिशिष्टात हेच सहा संस्थानिक पुन्हा नावानिशी नोंदले गेले: काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी, आणि चिखलीचे वसावे. सरदार होते, त्यांच्याशी करार करावयाचे होते, त्यांचा रोष पत्करणे गैरसोयीचे होते. म्हणून त्यांच्या गावांना अपवाद मिळाला. नवापूर पेट्याचे नाव त्या यादीत नव्हते. चिंचपाड्याला पाडवी नव्हता की वसावा नव्हता, ज्याच्या मानमरातबासाठी सरकारने कायदा दूर ठेवावा. रानात राहणारा, अक्षरशून्य, पैशाच्या व्यवहाराला नवखा असा मनुष्य सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता. परंतु कायद्याने अपवाद केला तो त्याच्या दुबळेपणाकडे पाहून नव्हे, तर त्याच्या सरदाराच्या बळाकडे पाहून. ज्याला सरदार नाही, त्याला संपूर्ण कायदा.

आणि हा कायदा त्याच काळात पूर्णत्वास येत होता. १८५७ च्या उठावानंतर राज्य कंपनीकडून राणीच्या सरकारकडे गेले, आणि थोड्याच वर्षांत मोठमोठी विधाने एकामागून एक झाली. दिवाणी कामकाजाचा कायदा १८५९ चा, दंडसंहिता १८६० ची, फौजदारी कामकाजाचा कायदा १८६१ चा. दंडसंहितेचा अंमल १ जानेवारी १८६२ पासून सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टात मुंबईचे हायकोर्ट बसले. ह्या सुधारणांचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा होईल. एकाच अपराधाबद्दल ब्राह्मणास एक व शूद्रास एक शिक्षा, हा भेद दंडसंहितेने संपविला. आरोप लिहून द्यावा लागे, साक्ष उघडपणे व्हावी लागे, निकालाची कारणे नमूद करावी लागत, आणि वरच्या कोर्टात दाद मागण्याची वाट मोकळी असे. युरोपियन आरोपीला हिंदी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचा प्रश्न १८८३ साली इल्बर्ट बिलाच्या निमित्ताने निघाला, तेव्हा समतेचे हे तत्त्व राज्यकर्त्यांनाच किती जड वाटते ते उघड झाले, ही गोष्ट वेगळी. तत्त्व म्हणून ते थोरच होते.

मग वाईट कोठे झाले? ते झाले दिवाणी न्यायात, आणि तेही कोणाच्या दुष्टपणाने नव्हे, तर एका साध्या आणि दिसावयास न्याय्य अशा सुधारणेने.

१८२७ च्या संहितेप्रमाणे लेखी कर्जाची फिर्याद बारा वर्षांपर्यंत करता येत असे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू हा की, जुनी, विसरलेली देणी उकरून काढून सावकाराने कुळाला छळू नये. त्याआधी, १८५५ मध्ये, व्याजाच्या दरावर असलेली कायद्याची मर्यादाही उठविण्यात आली होती. पैशाचा भाव बाजाराने ठरवावा, हे त्या काळच्या इंग्रजी अर्थशास्त्राचे आवडते मत होते. ही दोन विधाने एकत्र आल्यावर काय घडले ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, चिंचपाड्यासारख्या गावच्या एका शेतकऱ्याने मुलाच्या लग्नासाठी २५ रुपये घेतले आणि व्याज दरमहा शेकडा दोन रुपये ठरले. तीन वर्षांत व्याज १८ रुपये झाले. मुदत संपत आली, म्हणून सावकार म्हणाला, नवे खत लिहून दे, नाहीतर फिर्याद लावतो. नवे खत ४३ रुपयांचे झाले. जे व्याज होते ते आता मुद्दल झाले. आणखी तीन वर्षांनी हेच ४३ रुपये ७४ झाले, आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस १२७ रुपयांवर गेले. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा एक जुना दंडक आहे: एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. म्हणजे २५ रुपयांच्या कर्जात सावकाराला फार तर ५० रुपये मिळावयाचे. मुंबई इलाख्यातील कोर्टे हा दंडक हिंदू कुळांच्या बाबतीत मानीतही असत. परंतु दर तीन वर्षांनी खत नवे होऊ लागल्यावर कोर्टापुढे येणाऱ्या शेवटच्या कागदावर मुद्दल म्हणून ७४ रुपयांचा आकडा दिसे. त्याच्या पोटी २५ रुपये आहेत हे कागद सांगत नसे, आणि कागदाच्या मागे जाण्याची न्यायाधीशाला मुभा नव्हती. कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या मुदतीच्या कायद्याने कुळाचे जुने संरक्षण असे निकामी केले.

पुढची वाट ठरलेली होती. फिर्याद दूरच्या गावी लागे. समन्स आले तर ते वाचावयास कोणी नसे. कोर्टाच्या गावी जावयाचे तर तोंडचे काम टाकून जावे लागे. तारखेला हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा. मग बजावणी, घरातील भांडी, बैल, दाणे यांची जप्ती, आणि त्यानेही देणे फिटले नाही तर दिवाणी तुरुंग. हा तुरुंग टाळण्यासाठी कुळ स्वतःला किंवा मुलाला वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबविण्याचे कबूल करी. पश्चिम खानदेशात सालदारीची प्रथा कर्जाशी अशी जखडली गेली. खतावर शेतकऱ्याने सही म्हणून नांगराची निशाणी काढलेली असे. ज्या अवजाराने तो पोट भरी, त्याच अवजाराचे चित्र काढून तो आपले शेत लिहून देई.

ह्याच सुमारास रानही कागदात शिरले. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानात लाकूड तोडणे, गुरे चारणे, जमीन जाळून नागली पेरणे ह्या पिढीजात गोष्टी परवानगीवाचून अपराध ठरू शकल्या. त्याच वर्षीच्या मुंबईच्या अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणे हा सरकारी मक्त्याचा भंग झाला. मोहाचे झाड दारात उभे, फुले अंगणात पडलेली, देवाला आणि लग्नाला दारू लागणार. पण ती गाळली की गुन्हा. दारूचे व्यसन चांगले असे कोणी म्हणणार नाही. परंतु सरकारने दारू बंद केली नाही, ती परवानेदाराच्या दुकानातून विकत घ्यावयास लावली. ज्याच्या घरी रोख पैसा कधी दिसत नसे, त्याला आता दंडासाठी, दारूसाठी आणि साऱ्यासाठी रोख पैसा लागू लागला. आणि रोख पैशाचे दुकान एकच होते, ते सावकाराचे.

ह्या अन्यायाचा स्फोट झाला तो मात्र खानदेशात नव्हे, देशावर. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. ह्या दंग्यांत एक गोष्ट सर्वांच्या नजरेत भरली. जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. त्याला हवी होती ती खते आणि हुकूमनामे. कागद मिळाले की त्यांची होळी होई आणि बहुतेक ठिकाणी जमाव पांगे. अक्षरशून्य शेतकऱ्याने आपला शत्रू बरोबर ओळखला होता. सरकारने कमिशन नेमले, आणि त्याच्या चौकशीतून १८७९ चा सतरावा ॲक्ट, म्हणजे डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, जन्मास आला.

इंग्रजी अमलातील न्यायसुधारणांत हा कायदा सर्वांत धीट म्हणावा लागेल, कारण त्याने आपल्याच संहितेची चूक पदरात घेतली. न्यायाधीशाने केवळ शेवटचे खत न पाहता देवघेवीचा मुळापासून इतिहास तपासावा. व्याज मुद्दलाहून अधिक देववू नये. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंगात घालू नये. कुळाला पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क असावा. शेतकऱ्याचे खत गावच्या नोंदणी कामगारासमोर, त्याला समजावून सांगून लिहावे. दहा रुपयांपर्यंतचे दावे ग्राममुनसफाने चालवावे. आणि फिर्यादीपूर्वी सलोखा घडवून आणण्यासाठी कन्सिलिएटर नेमावे, ज्यांच्यापुढे वकिलांस मज्जाव. ही शेवटची दोन कलमे वाचताना एल्फिन्स्टनच्या पंचायतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी जे दार लोटून घेतले, ते पुन्हा किलकिले करण्याची पाळी सरकारवर आली.

ह्या कायद्याशी न्यायमूर्ती माधवराव रानडे यांचे नाव निगडित आहे. पुण्यातील १८७९ च्या गडबडीनंतर सरकारची दृष्टी वाकडी झाली आणि त्यांची बदली धुळ्यास झाली. तेव्हा खानदेशच्या न्यायासनावर काही काळ तेही बसले होते. पुढे ह्याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी ते असिस्टंट स्पेशल जज्ज म्हणून गावोगाव हिंडले, आणि १८८७ पासून १८९३ मध्ये हायकोर्टात जाईपर्यंत स्पेशल जज्ज होते. सार्वजनिक काका जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट निघाले होते. सलोख्याने तंटा मिटविण्याच्या त्या प्रयोगाची परंपरा रानड्यांच्या परिचयाची होती. दुसरीकडे जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या १८८३ च्या ग्रंथात कचेरीतील कारकून आणि वकील अक्षरशून्य शेतकऱ्याला कसे नागवितात ह्याचे जे चित्र काढले, त्याने हेच सांगितले की कायदा सुधारला तरी कचेरीची पायरी सुधारलेली नाही.

परंतु चिंचपाड्याच्या दृष्टीने मुख्य गोष्ट ही की, १८७९ चा कायदा आरंभी चारच जिल्ह्यांपुरता होता: पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर. खानदेश त्यात नव्हता. त्यातील कलमे इतर जिल्ह्यांस लागू झाली ती पुढे, टप्प्याटप्प्याने. मेवासींना अपवाद मिळाला, कारण त्यांचे सरदार बलवान. दख्खनच्या कुणब्याला मिळाला, कारण त्याने दंगा केला. जो बलवानही नव्हता आणि ज्याने दंगाही केला नाही, तो तसाच राहिला.

त्याच्याकडे सरकारचे लक्ष वळले ते १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने. त्याच्या ९१ व्या कलमान्वये काही प्रदेश पूर्णतः आणि काही अंशतः वगळलेले ठरावयाचे होते. तेथे कायदेमंडळाचा कायदा गव्हर्नरने सांगितल्याशिवाय लागू होणार नव्हता, आणि गव्हर्नरला त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम करता येणार होते. १९३६ च्या आदेशात मुंबई इलाख्यातील अंशतः वगळलेल्या मुलखाची यादी प्रसिद्ध झाली. पश्चिम खानदेशातून तीत शहादे, नंदुरबार व तळोदे हे तालुके, अक्राणी महाल, मेवासी सरदारांची गावे, आणि नवापूर पेटा. मेवासींची गावे अपवादात गेल्यावर नव्वद वर्षांनी नवापूर पेट्याचे नाव त्यांच्या पंक्तीस बसले.

ह्यावर मोठा वाद झाला. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातच, फैजपूर येथे, राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्यात ह्या वगळण्याच्या योजनेचा निषेध करणारा ठराव झाला. लोकांचे तुकडे पाडण्याची ही नवी युक्ती आहे, असा राष्ट्रीय पक्षाचा आक्षेप होता. उलट, रानातील लोकांना सावकार आणि मक्तेदार यांच्या तडाख्यातून वाचवावयाचे तर त्यांना काही काळ वेगळे संरक्षण दिलेच पाहिजे, असे व्हेरियर एल्विन प्रतिपादीत असत. मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले. हे लोक हिंदू समाजाहून निराळे नाहीत, त्यांचे दुखणे कर्ज आणि जमीन यांचे आहे, आणि त्याचा उपाय वेगळेपणात नाही, असे त्यांचे म्हणणे.

दोन्ही पक्षांच्या हाती एक सरकारी कागद मात्र समान होता. १९३७ मध्ये मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन ह्या आय. सी. एस. अधिकाऱ्याला ह्या अंशतः वगळलेल्या मुलखाची पाहणी करावयास सांगितले. त्याच्या अहवालाने पश्चिम खानदेशातील भिल्लांचे कर्जबाजारीपण, हातून गेलेल्या जमिनी, सालदारी आणि वेठ यांचे चित्र उघडे केले. कोर्टे होती, कायदे होते, अपिलाची वाट होती. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हे सर्व घडले होते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी सावकारीला परवाना व हिशेब यांचे बंधन घालणारा १९४६ चा कायदा झाला.

इंग्रजांचे राज्य १९४७ मध्ये संपले. हा प्रश्न संपला नाही. स्वतंत्र भारताच्या घटनेने पाचव्या अनुसूचीत ह्या मुलखाला अनुसूचित क्षेत्र म्हणून स्थान दिले, आणि १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशातही नवापूर तालुका कायम राहिला. १९७४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. म्हणजे खतामागे जाण्याचे १८७९ चे तत्त्व जमिनीच्या बाबतीत आणखी पुढे गेले. आणि १९९६ मध्ये पंचायतींचा विस्तार अनुसूचित क्षेत्रांत करणारा कायदा संसदेने केला. त्याने दोन गोष्टी गावाच्या अधिकारांत आणल्या: तंटे मिटविण्याची लोकांची रूढ पद्धती जतन करणे, आणि आदिवासींना होणाऱ्या कर्जवाटपावर नियंत्रण ठेवणे. १८१९ साली एल्फिन्स्टनच्या अहवालात जिच्याविषयी कळकळ होती, आणि १८२७ च्या संहितेने जिला मागे सारले, ती गावची पंचायत पावणेदोनशे वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात परत आली.

मात्र ह्यावेळी एक महत्त्वाचा फरक आहे. १८२५ ची एजन्सी, १८४६ चा ॲक्ट आणि १९३६ चा आदेश हे तिन्ही अपवाद वरून आले होते. ज्याच्यासाठी केले त्याला कोणी विचारले नव्हते. ग्रामसभेचा अधिकार हा त्या मनुष्याने स्वतः वापरावयाचा आहे. तो कितपत वापरला जातो, हे सरकारच्या हाती जितके आहे तितकेच ग्रामसभेत बसणाऱ्यांच्याही हाती आहे. ह्या दीर्घ कथेतून एवढे मात्र निश्चित निघते की, सर्वांना सारखा कायदा देणे ही न्यायाची पहिली पायरी होय. तो कायदा वाचता येणे, समजणे आणि त्याच्यापुढे उभे राहून बोलता येणे ही दुसरी. इंग्रजी राज्याने पहिली पायरी बांधली. दुसरी बांधलेली नसल्यामुळे चिंचपाड्याच्या शेतकऱ्याला तो कायदा त्याच्या शेतापर्यंत येऊन पोहोचलेला दिसला, परंतु त्याच्या बाजूने उभा राहिलेला दिसला नाही. शाळेतल्या पाटीवर आपले नाव लिहावयास शिकणारे मूल ही दुसरी पायरी बांधीत असते, आणि खताखाली काढावयाच्या नांगराच्या निशाणीपासून आपल्या घराची सुटका करीत असते.